धडकेचा रकाना

पहिला दात पडला तो शिरूरच्या मैदानावर, उन्हं अजून कलली नव्हती तेव्हा. नगरकडच्या एका कारखान्याचा संघ खेळायला आला होता. त्यांचा एक लांबलचक माणूस बोर्डावरून परतलेला चेंडू घ्यायला उडाला. आमच्या पिव्होटनं, म्हणजे रिंगखाली उभा राहणाऱ्या आमच्या आडदांड खेळाडूनं, तो चेंडू आधीच धरला होता. तो गर्रकन वळला आणि त्याचं कोपर त्या माणसाच्या तोंडात बसलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो माणूस गुडघ्यांवर बसला, ओंजळीत थुंकला, आणि रक्तात दात होता. आमचा पिव्होट पांढराफटक पडला. त्याच्याजवळ उकिडवा बसून तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चुकून झालं बरं का. चुकून झालं."

मी टेबलावर बसून वहीत फाउलची खूण केली, वेळ लिहिली. दाताची नोंद करायला वहीत जागा नव्हती. ती जागा मी नंतर केली.

हे सगळं दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. मी कवठे येमाईचा. आमचं घराणं मेंढरांचं. आजोबा वर्षातले आठ महिने कळपामागं चालायचे, वडिलांनी विहीर पाडली आणि एका जागी थांबले. मी शिरूरला स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि कारेगावजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत क्वालिटीला लागलो. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायचो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरून आलेल्या मालातले थोडे नग उचलायचे, मापायचे, तक्त्यावर ठिपके मांडायचे, ठिपके रेषेबाहेर चालले की प्रेस थांबवायला सांगायचं, हे माझं काम.

कंपनीचा बास्केटबॉलचा संघ होता. मोठ्या साहेबांना त्या खेळाचं वेड होतं आणि पुणे-नगर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आपसांत स्पर्धा चालायच्या. दहा-बारा जणांना कंपनीनं केवळ खेळण्यासाठी घेतलं होतं. हजेरीपटावर ते हेल्पर, ऑपरेटर, स्टोअरकीपर असायचे, पण दुपारी तीनला ते मशीन सोडून मैदानावर जायचे. खेळ चांगला तोवर नोकरी, गुडघा गेला की नोकरी गेली. त्यांना व्यावसायिक खेळाडू असं आमच्याकडं कुणी म्हणत नव्हतं, पण होते ते तेच. त्यांचे कोच पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. दौंडला त्यांचं घर. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. माझं अक्षर बरं म्हणून आप्पांनी मला स्कोअर लिहायला बसवलं.

संघाचा लाडका होता तो एक शूटर. लांबून बॉल टाकायचा, निम्मे गुण एकटा करायचा. लोक त्याला खांद्यावर घ्यायचे. पण टेबलावर बसून मला काहीतरी खटकायला लागलं. तो खेळत असताना आघाडी वाढायची नाही, तो पाणी प्यायला बाहेर बसला की वाढायची. प्रेसवर आम्ही असंच शोधायचो. चार डाय म्हणजे साचे, तीन ऑपरेटर, दोन शिफ्टा. माल नेमका कशामुळं बिघडतोय ते कळायला कोण असताना काय झालं आणि कोण नसताना काय झालं हे मांडावं लागतं. मी तेच इथं केलं. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला, तेवढ्यात आपण किती टाकले, समोरच्यांनी किती. मग वजाबाकी. आठ-दहा मॅचेस झाल्यावर ते सगळं मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घातलं. पाच माणसं एकत्र खेळतात, त्यामुळं एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं. ते सुटं करायला कॉलेजात शिकलेलं रिग्रेशन लावलं. जेवणाच्या सुटीत आकडे आले तेव्हा मी डबा उघडायचा विसरलो.

शूटर तळाला होता. सगळ्यात वर होता तो आमचा पिव्होट, जो अख्ख्या मॅचमध्ये जेमतेम दोन-तीन बास्केट करायचा.

शिरूरला एसटी स्टँडजवळ नुकतंच एक सायबर कॅफे निघालं होतं. तिथं बसून मी शोधलं, तर अमेरिकेतही काही लोक याच वाटेनं चालले होते. कोण किती गुण करतो यापेक्षा तो मैदानावर असताना काय बदलतं हे ते मोजत होते, आणि तिथले संघ त्यावर माणसं निवडायला लागले होते. मी एकटाच खुर्चीत हसलो. मेंढरं मोजणाऱ्याचा नातू आणि ते, एकच गणित करत होतो.

पिव्होट कारेगावचाच. त्याच्या घरची जमीन वसाहतीत गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, ती याला मिळाली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पहाटे म्हशींच्या धारा काढून कामावर यायचा. त्याच्या बोटांना नेहमी दुधाचा आणि सरकीचा वास असायचा. बसमध्ये बसला की झोपायचा. तो कुणावर ओरडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी वही घेऊन फिरतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

मी त्याला कँटीनमध्ये आकडा दाखवला. 

"माझा? मी तर बॉल टाकीत बी न्हाई."

"तू आत असलास की समोरचे कमी टाकतात."

"का बरं?"

"तेच शोधतोय."

शोधायला वेळ लागला नाही. नगरवाल्यांशी झालेल्या त्या मॅचची वही मी पुन्हा उघडली. दात पडण्याआधी त्यांची माणसं बेधडक रिंगखाली घुसत होती. दात पडल्यावर ती निम्म्यानंसुद्धा घुसली नाहीत. लांबूनच टाकत राहिली आणि चुकत राहिली. मी मागच्या मॅचेस आठवून आठवून तपासल्या, पुढच्या मॅचेसना वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'धडक'. पिव्होटची पहिली जोरदार टक्कर कधी झाली, त्याआधी समोरचे किती वेळा आत आले, नंतर किती वेळा. प्रत्येक मॅचमध्ये तेच. टक्कर जितकी लवकर आणि जितकी जोरात, तितका आमचा फायदा जास्त. माझा सुंदर आकडा भीती मोजत होता.

हे मी त्याला सांगायला नको होतं. सांगितलं. पंधरा दिवसांनी, त्याच टेबलावर.

तो चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता. "म्हंजी मी धडकलो की आपण जिंकतो?"

"आकडा तसं म्हणतोय."

"मुद्दाम धडकलो तरी?"

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आकड्याला मुद्दाम आन् चुकून कळत न्हाई."

पुढच्या मॅचला त्यानं दुसऱ्याच मिनिटाला एकाच्या बरगडीत खांदा घातला. तो माणूस श्वास अडकून पडला, मासा तडफडतो तसा. रेफ्री दुसरीकडं बघत होता. पिव्होटनं माझ्याकडं पाहिलं. मी रकान्यात खूण केली. आम्ही ती मॅच सहज मारली.

त्यानंतर तो शिकत गेला. रेफ्रीच्या पाठीमागं कधी मारायचं, उडणाऱ्या माणसाच्या पायाखाली पाय कसा ठेवायचा, हात वर असताना काख उघडी पडते तिथं कोपर कसं घालायचं. एकाचं नाक मोडलं. एकाचं बोट उलटं वळलं आणि तो ते बोट दुसऱ्या हातात धरून लहान मुलासारखा ओरडत बाहेर गेला. एक जण पाठीवर पडला तो उठलाच नाही, त्याला दाराच्या फळीवर घालून नेलं. नंतर कळलं, बरा झाला. पाच फाउलना माणूस बाहेर जातो. पिव्होट तिथवर कधी जायचाच नाही, कारण पहिला नीट बसला की बाकीच्यांची गरजच पडत नाही. हेसुद्धा मीच त्याला आकड्यांतून दाखवलं होतं. आम्ही ओळीनं जिंकत होतो. साहेब स्वतः येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. शूटरला बाकावर बसवलं गेलं आणि महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. जाताना तो माझ्या टेबलापाशी येऊन वहीवर थुंकला. मी रुमालानं पुसलं.

पिव्होट बसमध्ये झोपेनासा झाला. खिडकीला डोकं टेकून बोटं मोडत बसायचा.

मग प्रेसच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, ते घडलं. चहाच्या रांगेत बिहारकडचा एक कंत्राटी कामगार त्याच्या मागं उभा होता. रांग पुढं सरकली आणि त्याचा ग्लास पिव्होटच्या पाठीला लागला. गरम चहा सांडला असेल थोडा. पिव्होट वळला. त्याचं कोपर इतकं सराईतपणे गेलं की शेजारच्यांना कळलंच नाही. कामगार मागच्या लोखंडी रॅकवर आदळला. नाकातून रक्ताची धार त्याच्या निळ्या शर्टावर उतरली. तो उठून बसला आणि फक्त एवढंच म्हणाला, "मारा क्यों, भाई? मारा क्यों?"

पिव्होट आपल्या हाताकडं बघत उभा होता. नंतर मला संडासांच्या मागं गाठून म्हणाला, "मास्तर, हात आपोआप गेला. मी न्हाई मारलं. हात गेला."

"थोडे दिवस सुटी घे," मी म्हणालो.

"घेऊ का? तू म्हणत आसशील तर घेतो."

फायनलला दहा दिवस होते. मी म्हणालो, फायनल झाल्यावर घे. त्या कामगाराला दुसऱ्या शॉपमध्ये हलवलं, कागदावर काही आलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी केला नाही. माझ्याकडं फायनलचं काम होतं.

फायनल दौंडच्या संघाशी, त्यांच्याच मैदानावर. दौंडला रेल्वेची वस्ती, तिथं बास्केटबॉल जुना. बापानं खेळलेल्या कोर्टावर मुलगा खेळतो. त्यांचा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणारा खेळाडू, बुटका होता, खांद्यानं आमच्या पिव्होटच्या छातीला लागेल इतका. इंजिनावर असिस्टंट ड्रायव्हर होता. मी त्याच्या दोन मॅचेस मुद्दाम जाऊन लिहिल्या होत्या. चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा जमिनीलगत पळायचा आणि तो माणसांच्या मधून असा निघायचा, जशी मधे माणसं नाहीतच. मी तोवर जितक्या खेळाडूंचे आकडे काढले होते, त्या सगळ्यांत त्याचा आकडा मोठा होता. आमच्या पिव्होटपेक्षाही. तो बाहेर बसला की दौंडचा संघ पाच मिनिटांत कोसळायचा. मला तो खेळाडू मनापासून आवडला होता, आणि त्याला कसं बंद करायचं हे मी तीन संध्याकाळी बसून काढलं.

आप्पांना मी सगळं दाखवलं. ते त्यांच्या चष्म्यातून धडकेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेले.

"खरं हाय," ते म्हणाले. "पयली लाठी जोरात बसली की मागची माणसं आपोआप पांगत्यात. नोकरीत लय येळा बघितलंय. आम्ही वहीत लिहिलं न्हाई, येवढंच."

"मग?"

"मग ही वही जाळ."

"आन् पिव्होटला काय सांगू?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. दूर साहेबांची गाडी गेटातून येत होती. "फायनल हू दे," आप्पा म्हणाले. "मग बघू."

मॅचच्या दिवशी बसमध्ये मी पिव्होटच्या हातात एक चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं: हा डावीकडून आत येतो. पहिल्या पाच मिनिटांत एकदा अडव. नंतर तो बाहेरूनच खेळेल.

'अडव' हा शब्द मी विचार करून लिहिला होता. 'मार' लिहिलं नव्हतं. त्यानं चिठ्ठी वाचली, घडी घालून मोज्यात ठेवली.

रविवारची दुपार. कोर्टाच्या चारी बाजूंनी माणसं उभी होती, भिंतीवर बसली होती, बायका-पोरं खुर्च्या घेऊन आली होती. मागं रूळ, रुळांच्या कडेला खडीचे ढीग. चौथ्या मिनिटाला गार्ड डावीकडून आत शिरला. पिव्होट एक पाऊल सरकला. कोपर आलं ते नेहमीच्या उंचीवर, जिथं इतरांची छाती असते. पण हा बुटका होता, आणि चेंडूसाठी वाकलेला होता. मी त्याचा वेग मांडला होता, बाजू मांडली होती, तो दर कितव्या खेपेला आत येतो ते मांडलं होतं. त्याची उंची धरलीच नव्हती.

कोपर डोळ्यात गेलं.

तो ओरडला नाही. दोन्ही हातांनी चेहरा दाबून तो आपल्याभोवती एकदा फिरला आणि बसला. बोटांच्या मधून रक्त आलं, आणि रक्तात दुसरं काहीतरी पातळ. त्याची बायको कडेच्या खुर्चीतून उठून आत धावली. तिनं त्याचे हात बाजूला केले आणि पुन्हा घाईनं तिथंच दाबून धरले.

मग सगळं मैदान आत आलं.

पहिली खुर्ची पिव्होटच्या डोक्यात बसली. तो वाकला. दुसऱ्यानं त्याच्या पाठीत हॉकी स्टिक घातली. तो हात वर करत नव्हता. ज्या माणसानं दोन महिने सगळ्यांना लोळवलं, तो खांबासारखा उभा राहून मार खात होता. खडी यायला लागली, मुठीएवढे दगड. आमच्या एकाचं कपाळ फुटलं. बाकीचे बसकडं पळाले. आप्पा मधोमध हात पसरून पोलिसाच्या जुन्या आवाजात ओरडत होते, "मागं सरा, मागं सरा," आणि त्यांना कुणीतरी छातीवर ढकललं तसे ते खुर्च्यांवर पडले.

मी टेबलाखाली शिरलो होतो. एकानं मला पायाला धरून ओढलं. "हा बघा, ह्यो लिव्हत व्हता," तो म्हणाला. मला वाटतं वहीत काय आहे हे त्याला माहीतही नव्हतं, पण त्याचा अंदाज चुकला नव्हता. त्यांनी मला लाथा घातल्या. पोटात, मांडीत, कानावर. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि बाकी आवाज बंद झाले. त्या शांततेत मी पाहिलं, एक माणूस लोखंडी पाइप उचलतोय. मग माझ्यावर अंधार आला, वजन आलं. पिव्होट माझ्यावर पालथा पडला होता. पाइप त्याच्यावर पडत होता. प्रत्येक फटक्याला त्याच्या छातीतून निघालेली हवा माझ्या मानेला लागत होती. त्यानं डोकं वाचवायला एक हात वर केला, तोच उजवा, आणि मनगटाचं हाड मोडलं तेव्हा ते मला माझ्या पाठीत जाणवलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा लोक पांगले.

आम्हाला आणि त्या गार्डला एकाच दवाखान्यात नेलं, एकाच व्हरांड्यात ठेवलं. त्याला आतल्या खोलीत घेतलं. त्याची बायको बाहेर भिंतीला टेकून बसली होती, साडीवर सुकलेलं रक्त. डॉक्टरांनी तिला येऊन सांगितलं की डोळा वाचणार नाही.  तिनं समोर पाहिलं. समोर स्ट्रेचरवर आमचा पिव्होट होता. ती उठली, त्याच्याजवळ आली आणि विचारलं, "त्यांनी तुमचं काय वाकडं केलं व्हतं?"

तो म्हणाला, "काय बी न्हाई."

"मग?"

 मी शेजारी बाकावर होतो. उत्तर माझ्याकडं होतं, शर्टाच्या आत पोटाशी खोचलेल्या वहीत होतं. मी मान खाली घातली.

कंपनीत चौकशी झाली. मोठे साहेब, पर्सोनेलचे एक अधिकारी, आप्पा, आणि आम्ही दोघं. पिव्होटचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्याला विचारलं, कुणी सांगितलं होतं का? तो म्हणाला, "न्हाई. माझं मीच केलं." मला विचारलं, तुमच्या नोंदी आणा. मी म्हणालो, वही मारामारीत गेली. आप्पांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पिव्होटला काढून टाकलं. जमिनीच्या बदल्यात मिळालेली ती नोकरी होती. ती गेली म्हणजे दोन्ही गेलं. संघ बंद झाला. मला काही झालं नाही. पुढच्या वर्षी मी सिनियर इन्स्पेक्टर झालो. वही मी त्याच आठवड्यात गावी जाऊन चुलीत घातली. आईनं विचारलं, काय जाळतोस? जुना हिशोब, म्हणालो.

तीन वर्षं मी दौंडला गेलो नाही. मनमाडला कंपनीच्या कामासाठी जायचं झालं तेव्हा जावंच लागलं. सकाळी अकराच्या सुमारास स्टेशनवर पोहोचलो, तिकिटाच्या खिडकीशी वाकलो, आणि काचेपलीकडं फायनलमधला तो गार्ड होता. काळा चष्मा. इंजिनावर एका डोळ्याच्या माणसाला ठेवत नाहीत, म्हणून त्याला तिकिटांना बसवलं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. मी तिकीट घेतलं, बाजूला झालो, गाडीला अर्धा तास होता. मी फलाटावर दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "मी त्या फायनलचा स्कोअरर. तुम्हाला कसं अडवायचं ते मी लिहून दिलं होतं."

त्यानं माझ्या मागच्या माणसाला शेजारच्या खिडकीवर जायला सांगितलं. बाहेर आला. पार्सल ऑफिसच्या मागं, पोत्यांच्या थप्पीआड त्यानं मला नेलं आणि म्हणाला, "नीट सांगा." मी नीट सांगितलं. वजाबाकी, रकाना, चिठ्ठी, अडव. 

मग त्यानं मारलं. पहिली मूठ ओठावर, दुसरी जबड्यावर. तिसऱ्या वेळी नेम चुकला, एका डोळ्यानं अंतर कळत नाही, आणि त्याची मूठ मागच्या पोत्यावर बसली. त्यानं चष्मा काढून पुसला. आत कातडी ओढून शिवलेली होती. मी तोंडातलं रक्त गिळत उभा होतो. मला पळावंसं वाटलं नाही. त्यानं पुन्हा मारावं असंही वाटलं नाही. फक्त उभं राहावं असं वाटलं.

त्यानं विचारलं, "माझा आकडा किती व्हता?"

मी सांगितला. मला तो पाठ होता. आणि म्हणालो, "मी लिहिलेल्या सगळ्यांत मोठा."

तो रुळांकडं वळला. "ते माझ्या बायकोला येऊन सांगता का?" तो म्हणाला. मग लगेच, "नको. ऱ्हाऊ द्या." आणि खिडकीवर परत गेला.

मी मनमाडला जाऊन आलो. परतल्यावर कारेगावला पिव्होटच्या घरी गेलो. तो आता दुधाचा टेम्पो चालवायचा, कॅन डाव्या हातानं उचलायचा. माझा सुजलेला ओठ बघून त्यानं विचारलं, कुणी? मी सांगितलं. त्यानं म्हशीला वैरण टाकली, हात धुतले.

"तू सांगितलंस, बरं केलंस," तो म्हणाला. "पर मारलं मी व्हतं, मास्तर. चिठ्ठी वाचून न मारणारा बी एखादा आसतो."

"तुला शिकवलं मी."

"व्हय. दोन्ही खरं."

पुढच्या रविवारी तो एकटा टेम्पो घेऊन दौंडला गेला. मी येतो म्हणालो तर नको म्हणाला. संध्याकाळी धारांच्या वेळेला परत आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर मार लागल्याची खूण नव्हती. तो म्हशीखाली बसला, एकट्या डाव्या हातानं धार काढता येत नाही म्हणून तेव्हा मोडलेला उजवा हातही लावला, आणि दुखत असतानाही बादली भरेपर्यंत तो मागं घेतला नाही.